जप्तीतून सुटलेली गोधडी

आमच्या घरात कायदा फक्त मला कळतो. म्हणूनच घरपट्टी थकल्याबद्दल जप्तीची नोटीस आली, तीही अख्ख्या सोसायटीत आमच्याच घरी. (कायदा म्हणजे वकिलीचं पहिलं वर्ष. दोनदा केलंय, त्यामुळे पाया पक्का आहे!)

घरपट्टी मी तीन वर्षं मोबाइलवरून वेळेवर भरत होतो. तेव्हा चूक पालिकेची, असं मी जाहीर करून टाकलं. आईचा जीव मात्र तिच्या शिलाई मशीनमध्ये अडकला. बाबा गेल्यावर अर्ध्या डोंबिवलीच्या साड्यांना फॉल-पिको करून तिने मला याच मशीनवर वाढवलं. ते कोणी उचलून नेलं असतं तर मला माझं तोंड आरशात बघवलं नसतं.

मी पुस्तक काढलं. वसुलीवाल्यांना वाटेल ते नेता येत नाही. कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं यांना हात लावायचा नाही. दिवस मावळल्यावर तर जप्तीला यायचंही नाही. म्हणजे मशीन सुटलं!

पण एवढ्यावर थांबेल तो वकील कसला? टीव्ही राहिलाच की. तो मी पलंगावर आडवा करून गोधडीत गुंडाळला. झालं अंथरूण! इस्त्री तव्याशेजारी मांडली. झालं भांडं! दुपारची मालिका चुकेल म्हणून टीव्हीची वायर तेवढी आईने काढू दिली नाही.

सकाळी अकराला वसुलीचे साहेब आले. मी त्यांना उभ्या उभ्या सगळी यादी ऐकवली. ते शांतपणे ऐकत पलंगाच्या कडेला टेकले, ते नेमके रिमोटवर. गोधडीच्या आतून एक सासू सुनेला घराबाहेर काढू लागली.

साहेबांनी गोधडीकडे पाहिलं. "पांघरूण बरंच तापट आहे हो तुमचं," ते म्हणाले.

मग त्यांनी पावत्या मागितल्या. मी ताठ मानेने मोबाइल पुढे केला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि सांगितलं, की यातला मालमत्ता क्रमांक शेजारच्या घराचा आहे. शेवटचा एक आकडा मी चुकीचा टाकत होतो. शेजारचे काका तीन वर्षं पालिकेचं एवढं कौतुक का करत होते, ते मला तेव्हा उमगलं.

माणूस भला होता. चुकीच्या भरण्याबद्दल त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, पंधरा दिवसांची मुदत दिली आणि मशीनला कोणी हात लावणार नाही, असं आईला स्वतःहून सांगितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्यांना चहा पाजला, आणि ते निघाले तशी लगबगीने कपाटाकडे गेली.

"साहेब, रिकाम्या हाताने नका जाऊ. ही याची कायद्याची पुस्तकं न्या."

"नाही हो काकू. कारागिराची हत्यारं आम्हाला नेता येत नाहीत."

आईने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"न्या तुम्ही. हा कारागीर नाहीये."