जपानला पाठवलेली मुलाखत

समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईला अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये काय काम मिळतं, असं कोणी विचारलं असतं तर पहिली अकरा वर्षं मी "काही नाही" एवढंच सांगितलं असतं. नोकरी नवऱ्याची, व्हिसा नवऱ्याचा, आणि त्या व्हिसावर मी डिपेंडंट. पुढे वर्क परमिट आलं तेव्हा माझी डिग्री इतकी जुनी झाली होती की ती कोणाला दाखवायची मलाच लाज वाटायची. मुलगी शाळेत जायला लागली आणि मी लायब्ररीतल्या इंग्लिश संभाषणाच्या वर्गात शिकवायला जाऊ लागले. फुकट, अर्थात.

तिथे एक जपानी बाई यायची. तिचा भाऊ जपानमध्ये एका विद्यापीठात प्राध्यापक होता. त्यांच्याकडे व्यवस्थापन आणि समाजशास्त्र अशा दोन विभागांनी मिळून एक संशोधन प्रकल्प घेतला होता. विषय असा: गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या जपानी कंपन्यांच्या इथल्या कारखान्यांत काम करणारे इंजिनियर परत मायदेशी कधी जातात, आणि ते ठरवतं कोण. जपानी माणसाचं सोपं असतं. कंपनी पाच वर्षांसाठी पाठवते आणि पाच वर्षांनी परत बोलावते. आपल्या लोकांना कोणी बोलावत नाही, म्हणून त्यांचं कोडं प्राध्यापकांना सुटत नव्हतं. त्यांना मराठी, हिंदी बोलणारं, इथेच राहणारं कोणीतरी मुलाखती घ्यायला हवं होतं. मी हवी होते. हे वाक्य मी तेव्हा मनात किती वेळा म्हटलं असेल, सांगत नाही.

प्राध्यापकांशी बोलणं व्हिडिओ कॉलवर व्हायचं, माझी संध्याकाळ आणि त्यांची सकाळ. बारीक, हळू बोलणारा माणूस. कामाची त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यात ते तसूभरही सूट द्यायचे नाहीत. मुलाखत झाली की ती शब्दन् शब्द टाइप करायची. मग कागदावर छापून ज्याची त्याला वाचायला द्यायची. त्याने हवं ते खोडायचं, हवं ते घालायचं, शेवटी सही करायची, आणि कागद परत आल्याशिवाय त्यातलं एक अक्षरही वापरायचं नाही. सोबत जपानहून आलेला, सुंदर कागदात गुंडाळलेला एक हातरुमाल भेट म्हणून द्यायचा. "माणसाचं बोलणं त्याच्या स्वतःच्या हातात परत द्यायचं," असं ते म्हणायचे. मला ते फार आवडलं होतं. मी मान डोलावली होती आणि वहीत लिहूनही घेतलं होतं.

पहिल्या आठ मुलाखती सुरळीत झाल्या. नवव्या नंबरला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे काका होते.

काका-काकू आमचे कोणी नव्हेत, आणि सगळे तेच होते. माझी मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा नाकारला गेला होता. काकू चाळीस दिवस रोज सकाळी आमच्याकडे यायच्या. बाळाला तेल लावायच्या, अंघोळ घालायच्या, मला शेक द्यायच्या आणि डिंकाचा लाडू समोर बसून संपवायला लावायच्या. मी रडले की, "रड गं, पण खात खात रड," म्हणायच्या. त्या बाईचं माझ्यावर ऋण आहे असं म्हणणंसुद्धा मला उथळ वाटतं.

काकूंची एक गोष्ट सगळ्या मराठी मंडळाला माहीत होती. त्या अमेरिकेत राहतच नव्हत्या. सव्वीस वर्षं त्या निघायच्या तयारीत होत्या. पुण्यात कोथरूडला त्यांचा बंद फ्लॅट होता, दर रविवारी त्यांची बहीण जाऊन खिडक्या उघडून यायची. इथल्या घराचे पडदे आधीच्या मालकाचेच होते, कारण जायचंच आहे तर कशाला नवे. अंगणात त्यांनी झाड लावलं नाही, फक्त थंडीत मरणाऱ्या फुलांच्या कुंड्या. बेसमेंटमध्ये खोक्यांवर मार्करने लिहिलेलं असायचं: पुणे किचन, पुणे देवघर. आम्ही त्यांना चिडवायचो, "काकू, यंदा तिकीट वन वे ना?" त्या म्हणायच्या, "यांचं प्रोजेक्ट संपलं की." काकांचं प्रोजेक्ट कायम संपत आलेलं असायचं.

काकांनी मुलाखत घरी नको म्हटलं. आम्ही लायब्ररीतल्या छोट्या खोलीत बसलो. पहिली वीस मिनिटं ते मंडळाच्या कार्यक्रमात बोलतात तसं बोलले. मायभूमी, संस्कार, दोन वर्षांत नक्की. मग प्राध्यापकांनी दिलेल्या यादीतला पुढचा प्रश्न आला: परत जाण्याचा निर्णय झाला आहे का, आणि घरच्यांना तो माहीत आहे का? काका टेबलावरच्या रेकॉर्डरकडे बघत राहिले.

"निर्णय झालाय," ते म्हणाले. "दहा वर्षांपूर्वीच झालाय. मी नाही जाणार."

मला वाटलं गंमत करताहेत.

"अगं, तिथे मी कोणाचा तरी धाकटा भाऊ असतो. साठ वर्षांचा झालो तरी दादा सांगणार, कुठे बसायचं, कोणाच्या लग्नाला जायचं. इथे मी सकाळी वॉकला जातो, कोणी विचारत नाही कुठे चाललास. मला तेच लागतं आता. ऑनेस्टली सांगतो, मी इथेच मरणार."

"आणि काकू?"

"तिला सांगितलेलं नाही. दरवर्षी विचारते, पुढच्या वर्षी ना? मी हो म्हणतो. सांगून काय करू यार, ती त्याच्यावरच तर जगतेय."

पुढचा प्रश्न, या निर्णयाबद्दल पत्नीचं मत काय, हा होता. काका म्हणाले, "तिला तिकडे आवडेल. पण कळलं की समजून घेईल." मी ते लिहून घेतलं. चांगला डेटा आहे, असं माझ्या मनात आलं होतं. हे कबूल करताना आजही माझीच मला शिसारी येते.

घरी येऊन मी ती मुलाखत इतकी मन लावून टाइप केली की काय सांगू. बाकीच्या आठ इंग्लिशमध्ये झाल्या होत्या. ही मराठीत होती, म्हणून मी ती आधी मराठीत टाइप केली, छान मोठ्या अक्षरात, आणि खाली इंग्लिश भाषांतर जोडलं. माझ्या विषयातलं, माझ्या भाषेतलं, माझ्या हातचं काम होतं ते. मुलगी मागे उभी राहून म्हणाली, "Mom, you're smiling at a printer." खरंच हसत होते.

आठ जणांचे कागद मी पोस्टाने पाठवले होते, पाकीट चिकटवून, वर त्यांचं नाव घालून. नववं पाकीट पोस्टाने पाठवायचं माझ्या जिवावर आलं. दोन मिनिटांवर घर. काकूंच्या घरी पोस्टाने पाकीट पाठवायचं म्हणजे त्या म्हणणार, आता आमच्याकडे यायला पण तिकीट लावायला लागलीस का? शिवाय त्यांचा एक डबा माझ्याकडे पडून होता. मी त्यात रव्याचे लाडू भरले, पिशवीत डबा ठेवला, त्यावर रुमालाचं पुडकं, आणि कडेने पाकीट. पाकीट चिकटवलंसुद्धा नाही. घरातल्या घरात कोण चिकटवतं?

दार काकूंनी उघडलं. काका ऑफिसमध्ये होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मंगळवारी दुपारी माणूस दुसरं कुठे असणार. उंबऱ्यात एक क्षण मला ते सुचलंही: हे फक्त काकांना द्या, तुम्ही उघडू नका. पण जिने माझं बाळंतपण केलं तिला असं तोंडावर कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर ते जास्त वाईट दिसलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. आपल्याकडे एकाचं पत्र दुसऱ्याने उघडलं तर काय बिघडतं, घर एकच ना. मी पिशवी दिली आणि म्हटलं, "काकांचं ते मुलाखतीचं आहे, वाचून सही करून द्या म्हणावं."

"मराठीत छापलंयस?" काकूंना पाकिटाच्या तोंडातून अक्षरं दिसली होती. त्यांचा चेहरा खुलला. "वा गं! इथे मराठीत वाचायला मिळतं कुठे." चहा घेऊन जा म्हणाल्या. मुलीला आणायला जायचं होतं, म्हणून मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज अगदी साधा.

"तू कागद घरी दिलास?"

"हो काका. का?"

"काही नाही. मी सांगणारच होतो तिला." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खुर्चीत बसून राहिले. काका रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी प्राध्यापकांचा कॉल होता, तब्येत बरी नाही सांगून कॅन्सल केला. तीन दिवस काकूंना फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. चौथ्या दिवशी मी जाऊन बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी माफी मागायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "तू कशाला माफी मागतेस? तू कागद दिलेस. बोलले तर ते." आणि मग खिडकीबाहेर बघत, "सव्वीस वर्षं मी इथे कोणाशी मैत्रीसुद्धा मन लावून केली नाही. सोडून जायचंय म्हणून." मी चटकन म्हटलं, "माझ्याशी केलीत ना." त्यांनी माझ्यासमोरचा पाण्याचा पेला उचलला आणि आत नेला.

आठवड्याने पाकीट परत आलं. पोस्टाने, तिकीट लावून.

काकांनी काहीही खोडलं नव्हतं. शेवटच्या पानावर त्यांची सही होती. पण तो प्रश्न होता ना, पत्नीचं मत काय, तिथे समासात निळ्या पेनाने, काकूंच्या वळणदार अक्षरात दोन ओळी होत्या. "मला कोणी विचारलं नाही. तूही नाही."

मी ते किती वेळा वाचलं मला माहीत नाही. खरं होतं ना ते. नऊ इंजिनियरांना मी पत्नीचं मत विचारत हिंडले होते आणि त्यांतल्या सात जणांच्या बायकांच्या हातचं जेवले होते. एकीलाही विचारलं नव्हतं. मी, डिपेंडंट व्हिसावर अकरा वर्षं काढलेली बाई! यादीत तो प्रश्न नव्हता, हे खरं आहे. यादी मी केली नव्हती, हेही खरं आहे. पण मला सुचायला हवं होतं, दुसऱ्या कोणाला नसतं सुचलं तरी मला.

मी प्राध्यापकांना सगळं सांगितलं, पाकिटाचंसुद्धा. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं रागावतील, त्यांनी उलट माझीच माफी मागितली, नियम नीट समजावला नाही म्हणून. ते मला जास्त लागलं. मग मी त्या दोन ओळींचं विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. त्या बाईंनी प्रकल्पाला संमती दिलेली नाही, त्या आपण निवडलेल्या लोकांच्या नमुन्यात नाहीत, म्हणून त्यांचे शब्द वापरता येणार नाहीत, असं ते म्हणाले. मुलाखत मात्र ठेवता येईल, सही आहे. मी म्हटलं, मग त्यांची संमती घेते, त्यांची वेगळी मुलाखत घेते. ते म्हणाले, पुढच्या टप्प्यात विचार करू. नियमाला धरून होतं सगळं. मी वाद घातला नाही. त्या दोन ओळी वगळल्या आणि बाकीची मुलाखत होती तशी फाइलमध्ये पाठवली. फाइल व्यवस्थित असल्याचं, धन्यवाद म्हणणारं उत्तर त्याच संध्याकाळी आलं.

पुढचा टप्पा झालाच नाही. अहवाल छापून आला, त्यात काका तीन ठिकाणी आहेत, नावाशिवाय, परतीचा निर्णय पुढे ढकलणारा ज्येष्ठ इंजिनियर म्हणून.

काकू मला मार्चमध्ये इंडियन ग्रोसरीत भेटल्या. बाहेर बर्फाचा चिखल होता. त्या बारीक झाल्या होत्या, मेथीच्या जुड्या उचलून बघत होत्या. आम्ही हवेवर बोललो, मुलीच्या शाळेवर बोललो. मी निघणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या बाहीला हात लावला.

"ते जपानचं काय झालं गं? मी कडेला लिहिलं होतं ते. ते पाठवलंस ना त्यांना?"

त्यांची नजर माझ्यावर होती, अगदी लहान मुलीची असावी तशी. खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी.

"हो काकू," मी म्हटलं. "पाठवलं ना."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि मेथीची एक जुडी पिशवीत ठेवली. "कुठेतरी लिहिलेलं राहील."