आण्णांचा गोळ्यांचा डबा

आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात उरलेल्या गोळ्या असायच्या. घरात कुणालाही डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं की ताप उतरेपर्यंत घ्यायचं आणि बाकीचं डब्यात टाकायचं, हा आमच्या घरचा कायदा. "बरं वाटाय लागलं की थांबायचं. उगं अंगात विष कशाला साठवायचं?" असं ते म्हणायचे. फौजेतून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे गल्लीत शब्दाला वजन. कडेगावला जाऊन दवाखान्यात ताटकळण्यापेक्षा लोक आमच्या ओट्यावर यायचे. "आण्णा, ती लाल-काळी गोळी हाय का?" मग आण्णा चष्मा लावून कात्रीनं पाकिटातल्या दोन गोळ्या कापून द्यायचे. रिकाम्या हातानं कुणी परत गेलं नाही.

हाच माणूस उसात तणनाशक मारताना मात्र हट्टाला पेटायचा. पंपात औषधाचं माप जराही कमी चालायचं नाही. एकदा शेजारच्या रानात माझ्या चुलत्यांनी औषध पुरवून पुरवून मारलं आणि थोड्याच दिवसांत सऱ्यांतून पुन्हा तण वर आलं. आण्णा बांधावरूनच त्यांना म्हणाले, "अर्धवट मारलंस गड्या. मऊ हुतं ते मेलं, चिवट तेवढं ऱ्हायलं. आता त्याचीच पैदास." मी तिथंच उभी होते. डबा आणि पंप या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात असं आमच्यात कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही.

गेल्या वर्षी आण्णांच्या तळपायात तोडलेल्या उसाचा बुडखा घुसला. मधुमेहामुळे पायाला कळत नव्हतं. चपलेत रक्त दिसलं तेव्हा समजलं. डब्यातल्या गोळ्या घेतल्या, सूज उतरली, गोळ्या बंद. परत सूज आली, तेव्हा दुसऱ्या रंगाच्या घेतल्या. पायाला वास यायला लागला तसा आईनं मला फोन केला. मी सांगलीला असते. गाडी करून त्यांना इकडच्या दवाखान्यात आणलं.

जखमेतल्या पुवाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्या जखमेतल्या जिवाणूंवर नेहमीची औषधं चालतच नाहीत. एक-दोन भारी इंजेक्शनं उरलीत, ती देऊन बघू. पाय वाचेल असं सांगता येत नाही." हे असं कसं झालं, ते मी विचारलं. अर्धवट डोसात कमकुवत जिवाणू मरतात, तग धरणारे उरतात आणि पुढची वीण त्यांचीच होते, असं त्यांनी समजावलं. वर हे जिवाणू औषधाला न जुमानायची आपली ताकद दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात, आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याकडे जातात. मी मान हलवत होते. रडू आलं नाही, रागही आला नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते मी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

आण्णांनी विचारलं, "काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, "चुलत्यांच्या रानातल्या तणासारखं झालंय आण्णा. औषध अर्धवट पडलं."

"म्हंजी मीच पेरलं म्हण की," एवढंच आण्णा बोलले.

इंजेक्शनं झाली, पण पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सही मी केली. नंतर कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यायले आणि चहा गोड आहे की नाही हेसुद्धा मला कळलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले होते. आण्णा ओट्यावर खुर्चीत बसलेले. समोरच्या घरातली काकू नातीला घेऊन आली. पोरीचा घसा सुजला होता.

"आण्णा, ती लाल-काळी दोन द्या की."

"गोळी न्हाई. डॉक्टरकडं ने तिला."

"आवं, गेल्या साली तुमच्याच गोळीनं बरी झालती."

"किती दिस दिलीस तवा?"

"दोनच दिल्या हुत्या की तुमी. ताप उतरला, झालं."

काकू जरा नाराज होऊनच नातीचा हात धरून गेली. बहुतेक मेडिकलमधूनच गोळी घेतली असेल. मी डबा कुठंय म्हणून आईला विचारणार होते, तेवढ्यात आण्णांनी मला जवळ बोलावलं.

"ह्या गल्लीत कुणाकुणाला दिल्या असतील गं म्या?"

"आता काय सांगायचं, आण्णा."

त्यांनी बोट वर केलं आणि कोपऱ्यावरच्या घरापासून सुरुवात केली. त्या घरातली म्हातारी, मग तिची सून, मग सुनेचं तान्हं पोर. पलीकडचं घर. त्याच्या पलीकडचं. गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचं बोट फिरलं, एकही घर सुटलं नाही. शेवटी ते बोट आमच्याच उंबऱ्याशी येऊन थांबलं. आत आई दोन दिवसांपासून खोकत होती.