तीन नंबरची पेटी आणि लसणाचा वास

फ्रिजचे तीन कप्पे बाहेर आले होते आणि दोन अजून आतच होते, तेवढ्यात पेटीकाकांचा फोन वाजला. बाहेर आलेल्यांपैकी एक कप्पा ओट्यावर, एक खुर्चीवर, आणि तिसरा, भाजीचा मोठा, स्वयंपाकघराच्या दारातच आडवा. सुट्टीच्या दिवशी फ्रिज पुसून देईन असं काका दोन महिन्यांपूर्वी कबूल करून बसले होते. आज मुहूर्त लागला तो दुधामुळे. दुधाला लसणाचा वास येत होता.

“झाकणाला कुठेतरी चीर गेलीय,” काकू म्हणाल्या.

सोललेल्या लसणाच्या वाडग्यावरचं ते झाकण काकांनीच हौसेनं आणलेलं होतं. मऊ, ताणून कुठल्याही भांड्यावर घट्ट बसणारं, सिलिकॉनचं. त्यावर बोट ठेवणं म्हणजे काकांच्या गळत्या शोधण्यात गेलेल्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीवर बोट ठेवणं. त्यांनी वाडग्यात पाणी भरलं, झाकण बसवलं आणि वाडगा बेसिनवर उलटा धरून वीसपर्यंत आकडे मोजले.

“बघ. एक थेंब नाही.”

“थेंबाचं कोण बोलतंय? मी वासाचं बोलतेय.”

“वास तुझ्या मनात आहे.”

काकूंनी दुधाचा पेला त्यांच्या नाकाखाली नेला. फोन वाजला तो नेमका तेव्हा, आणि देवानं लाज राखली असं काकांना वाटलं.

फोनवर प्रयोगशाळेतली संशोधक मुलगी होती. “काका, तीन नंबरचा आकडा चौतीसवर गेलाय. आज सुट्टी आहे तुमची, पण…”

“आलोच,” काका म्हणाले, आणि फडकं खांद्यावर तसंच ठेवून निघाले.

त्यांना पेटीकाका म्हणतात ते या पेट्यांमुळेच. प्रयोगशाळेत अशा सहा आहेत. समोर जाड काच, काचेला दोन भोकं, आणि प्रत्येक भोकाला खांद्यापर्यंत जाणारा रबरी हातमोजा. माणूस बाहेर बसतो, हात मोज्यांत घालतो आणि आतलं काम करतो. आत हवा नसते, आर्गॉन नावाचा वायू असतो, कारण काही पदार्थांना हवेचा नुसता वारा लागला तरी ते नासतात. पेटीवरचा आकडा सांगतो, दहा लाख भागांत ऑक्सिजनचे किती भाग आत शिरलेत. शिरलेला ऑक्सिजन पेटीतली गाळणी हळूहळू शोषून घेते. आकडा एकच्या खाली असला की काकांचं जेवण गोड लागतं. देवानं सगळ्यांना दोन हात दिले, काकांना मात्र चौदा, असं काकू म्हणतात. दोन स्वतःचे, बारा रबराचे.

ही नोकरी अंगात इतकी मुरलेली की घरीही सुटत नाही. पेटीत वस्तू नेताना मधल्या छोट्या कोठीचं बाहेरचं दार लावून, कोठीतली हवा धुऊन काढल्याशिवाय आतलं दार उघडायचं नसतं. काकांच्या घराला जाळीचं एक आणि लाकडाचं एक अशी दोन दारं आहेत. पाहुणा आला की काका आधी जाळीचं दार त्याला पाठीमागे लावायला लावतात, मग लाकडाचं उघडतात. काकूंचा धाकटा भाऊ एकदा सामानासकट दोन दारांमधल्या त्या दीड हात जागेत अडकून उभा होता. “ताई,” तो आतल्या बहिणीला ओरडून म्हणाला, “मला घरात घेताय की धुऊन काढताय?”

असे हे काका तीन नंबरपाशी पोचले तेव्हा आकडा छत्तीस होता.

मुलगी रडून डोळे लाल करून बसली होती. सात महिने राबून तिनं केलेली पूड आत उघड्या ताटल्यांत शेवटचं वाळत होती. उद्या सकाळपर्यंत ती झाकता येत नव्हती आणि दर तासाला हात घालून हलवावी लागत होती. आकडा पन्नासच्या वर गेला की पूड मातीमोल. पुन्हा करायची म्हटलं तर कच्चा मालही संपलेला.

“रात्री उतरून स्थिर असतो,” ती म्हणाली. “मी काम सुरू केलं की चढतो.”

हे काकांना ठाऊक होतं. गेले तीन आठवडे ठाऊक होतं, आणि त्याचा निकालही त्यांनी लावून टाकला होता. मुलीच्या बोटात तिच्या बहिणीनं दिलेली टोकदार खड्याची अंगठी होती. अंगठीनं मोज्याला बारीक भोक पडतं, हे काकांचं आवडतं प्रवचन. पेटीशेजारच्या फळ्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिलं होतं: “अंगठ्या काढून काम करावे. ही सूचना सर्वांसाठी आहे, कुणा एकासाठी नाही.” ती कुणा एकासाठी होती हे झाडूवालीलाही कळलं होतं. मुलीनं अंगठी काढून दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, मोजेही नवे लावून झाले. आकडा मात्र चढायचा तसा चढतच राहिला.

प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई डोकावल्या. “चारपर्यंत बघू. त्यात झालं नाही तर पेटी बंद करून कंपनीचा माणूस बोलवावा लागेल.”

पेटी बंद म्हणजे पूड गेली. मुलगी काचेकडे बघत राहिली. काकांनी बाह्या सरसावल्या.

त्यांनी वाटीत साबणाचं पाणी केलं आणि रंगाचा बारीक ब्रश बुडवून एकेक सांधा माखायला घेतला. कुठून वायू निसटत असेल तर तिथे बुडबुडा येतो. सिलिंडरचं तोंड, मीटर, मऊ नळीची दोन्ही टोकं, मोज्यांच्या कड्या, दाराची रबरी चकती. गुडघे टेकून, मान वाकडी करून, एक तास. नावालाही बुडबुडा नाही. मग त्यांनी स्वतःच मोज्यांत हात घातले, ताटल्यांतली पूड हलवली, हात बाहेर काढले. हातांची रिकामी झालेली जागा भरायला वायू आत घेताना पेटी हलकेच फुसफुसली. आकडा अडतीस झाला आणि हळूहळू चढत राहिला.

“काका,” मुलगी अगदी साळसूदपणे म्हणाली, “तुमच्या बोटात अंगठी नाही ना?”

काकांनी उत्तर देण्याच्या आत खिशातला फोन वाजला. काकू होत्या.

“भाजीचा कप्पा दारात टाकून गेलात. मी आत अडकलेय.”

“ओलांड की.”

“ओलांडलाय. ते सांगायला फोन नाही केला. तुमचं झाकण मी उजेडात धरून बघितलं, ताणून बघितलं. कुठेही भोक नाही. तुमचं बरोबर होतं.”

काका भिंतीला टेकले. हे वाक्य लग्न झाल्यापासून त्यांनी फार वेळा ऐकलं नव्हतं.

“पण लसूण काढला, झाकण साबणानं दोनदा धुतलं, तरी त्याला वास येतोय,” काकू पुढे म्हणाल्या. “आतल्या बाजूनं येतो तेवढाच बाहेरच्या बाजूनंही येतो. म्हणजे भोकाचा संबंधच नाही. वास त्या झाकणाच्या अंगातूनच आरपार जातोय.”

“परत म्हण.”

“काय परत म्हण?”

“शेवटचं.”

“अंगातून आरपार जातोय. अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

काकांची नजर सिलिंडरपासून पेटीपर्यंत आलेल्या मऊ, दुधी नळीवर होती. सिलिकॉनची. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. आधी तिथे स्टीलची नळी होती. ती घोट्याच्या उंचीवर यायची आणि मुलीच्या पायाला दोनदा लागली, म्हणून बापाच्या मायेनं काकांनी ती काढून मऊ बसवली.

असल्या नळीच्या अंगातून हवा झिरपते, हे पोरांना शिकवता शिकवता त्यांचं तोंड दुखलं होतं. भोक असतं तर साबणानं दाखवलं असतं. इथे भोक नव्हतंच. रात्रभर नळीत वायू पडून राहायचा, त्यात हवा मुरायची, आणि दिवसा कुणी मोज्यातून हात काढला की तोच वायू घोटघोट पेटीत जायचा. काम सुरू झालं की आकडा चढायचा तो त्यामुळे. अंगठी बिचारी उगाच गळ्यात लटकत होती.

“ठेवतो,” काका फोनवर म्हणाले. “लसूण टाकू नकोस.”

काका काही फेकत नाहीत, यावर सगळे हसतात. “लागेल” असं लिहिलेल्या खणातून त्यांनी जुनी स्टीलची नळी काढली. सिलिंडर बंद केला, मऊ नळी उतरवली, स्टीलची लावली, शेवटचा सांधा आवळण्याआधी वायू थोडा वेळ मोकळा सोडून आतली हवा घालवली. मग साबण. साडेतीन वाजले होते, आकडा त्रेचाळीस होता आणि पुन्हा पूड हलवायची वेळ झाली होती.

“घाल हात,” काका म्हणाले.

मुलीनं पूड हलवली, हात बाहेर काढले. पेटी फुसफुसली. त्रेचाळीस. अजून त्रेचाळीस. बेचाळीस. चारला मोठ्या बाई आल्या तेव्हा तीस होता, आणि त्या मान डोलावून परत गेल्या.

“तुझी अंगठी नव्हती,” काका नळीकडे बघत म्हणाले. “माझी नळी होती. तुला तीन आठवडे उगाच बोललो.”

“माझा पाय लागायचा म्हणूनच लावली होतीत ना.”

“म्हणून काय झालं? चूक ती चूक. घाल ती अंगठी बोटात.”

“पेटीवर अंगठी चालत नाही, काका. तुम्हीच लिहिलंय.”

काकांनी फळ्याकडे पाहिलं. खडू घेतला आणि आपल्या सूचनेखाली तितक्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलं: “तीन नंबरला मऊ नळी लावू नये. ही सूचना एकासाठीच आहे.” मग एक बाद झालेला रबरी मोजा कापून त्यांनी स्टीलच्या नळीला घोट्याच्या उंचीवर गुंडाळला. मुलीनं पाय लावून बघितला आणि आज पहिल्यांदा हसली.

आकडा नऊवर आल्यावर काका घरी आले. जाळीचं दार लावलं, मग लाकडाचं उघडलं. भाजीचा कप्पा होता तिथेच होता. तो ओलांडताना त्यांचा घोटा सणकून आपटला.

“सापडलं?” काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं, झाकणासकट.

“म्हणजे माझं ऐकलंत.”

“ऐकलं.”

“तिकडे जाऊन ऐकलंत. सकाळी इथे ऐकलं असतंत तर पोरगी दिवसभर रडली नसती.”

खांद्यावरचं फडकं अजून खांद्यावरच होतं. त्यांनी राहिलेले दोन कप्पे काढून पुसले, पाचही परत बसवले, मऊ झाकण आपल्या “लागेल”च्या पिशवीत टाकलं, आणि दाराशी जाऊन चपला घातल्या.

“आता कुठे?”

“काचेची बरणी आणायला. घट्ट पत्र्याच्या झाकणाची. लसणासाठी.”