अंदाजाने भरलेला रंग
परवा नांदेडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, तापलेल्या सोल्डरच्या वासात, एक हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम पडलेला दिसला आणि कॉलेजातली मैत्रीण आठवली. तिचा भाऊ लातूर रस्त्यावर अपघातात गेला होता. त्याने आपल्या गेममध्ये ठिपक्या-ठिपक्याने आईचं चित्र काढलं होतं, पण अपघातात गेमची स्क्रीन फुटली होती. "आईला ते एकदा बघायचंय गं," म्हणत तिने तो माझ्याकडे दिला, कारण मी कॉम्प्युटर शिकत होते. मी त्यातली फाइल कॉम्प्युटरवर घेतली. आधी नुसते करडे ठिपके दिसले. त्यांच्या ओळी मी एकेक घर बाजूला सरकवत गेले, तसा डोक्यावर पदर घेतलेला चेहरा जुळत आला. रंग मात्र फाइलमध्ये वेगळे कुठेतरी साठवलेले होते, ते सापडेनात. मैत्रीण आशेने बघत होती, म्हणून मी अंदाजानेच साडी हिरवी केली आणि चित्र छापून दिलं. तिच्या आईने ते दोन्ही हातांत धरलं. "ह्याचे वडील गेल्यापासून मी हिरवं नेसलं न्हाई," त्या म्हणाल्या, "लेकराच्या मनात मी अशी होते व्हय?" पुढच्या आठवड्यात त्या हिरवी साडी नेसून आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या आणि शेजारच्या बायका टक लावून बघत होत्या. महिनाभराने त्याच फाइलच्या शेवटी मला खरे रंग सापडले. साडी पांढरी होती. आता मीही आई झाले आहे, तरी त्यांना हे सांगायचं धाडस होत नाही. त्या अजून हिरवंच नेसतात.