विहिरींचे अहवाल आणि व्हर्ना

व्हर्ना लिंडक्विस्टला सरकारी खात्यांची घराणी पाठ होती. कोणतं खातं कोणात मिसळलं, कोण भांडून वेगळं निघालं, कोणी नुसतं नाव बदलून तोच संसार पुढे चालवला, हे ती सासरच्या नातेवाइकांबद्दल सांगावं तसं सांगे. काउंटीच्या लायब्ररीतली तळघरातली खोली तिच्याकडे होती. तिथे सरकारी कागदपत्रं विषयवार लागत नाहीत. ज्या खात्याने छापलं त्या खात्याच्या नंबराखाली बसतात. खातं ठाऊक असलं की व्हर्नाचा हात न बघता बरोबर कपाटावर पडे. नवरा ऑरिन म्हणायचा, "हिला माझे मोजे सापडत नाहीत, पण दुष्काळाचे अहवाल विचारा."

"मोजे सरकारने छापले असते तर सापडले असते," व्हर्ना म्हणायची.

पूर्वी राजधानीतून खोकी यायची. उघडायची, शिक्के मारायचे, नंबर घालून कपाटात ठेवायचं. मग खोकी कमी कमी होत बंदच झाली आणि सगळं कॉम्प्युटरवर आलं. व्हर्ना कुरकुरली, पण मागे हटली नाही. तिने एक लांबलचक तक्ता केला. अहवालाचं नाव, खातं, साल, आणि शेवटच्या रकान्यात तो नेटवर जिथे दिसतो तो पूर्ण पत्ता. एकही अक्षर चुकलेलं नाही. तक्ता भरत गेला तसं तिला आपली कपाटंच भरल्यासारखं वाटायचं.

राजधानीतल्या मोठ्या लायब्ररीतली कॉर्लिस बेन गावोगावच्या लायब्रेरियनसाठी वर्ग घ्यायची. फाइल आपल्याकडे उतरवून कशी ठेवायची, तिला काय नाव द्यायचं, ती धड उतरली की नाही हे कसं तपासायचं. व्हर्ना कधी गेली नाही. "नावं ठेवायला मला कॉर्लिसने शिकवायला नको," असं ती ऑरिनला म्हणाली होती.

वसंतात तिची मैत्रीण ओपल ह्रुस्का तळघरात आली. ओपलच्या शेताला लागून एका बाहेरच्या कंपनीला डुकरांच्या मोठमोठ्या शेड बांधायच्या होत्या. शेणखतातून पाण्यात झिरपणारं, तान्ह्या बाळांना घातक नायट्रेट विहिरीत आधीच वाढलेलं. ओपलची सून तान्हं बाळ घेऊन घरात होती, आणि बाळाच्या पावडरच्या दुधासाठी पाणी विकत आणावं लागत होतं. व्हर्नाने तिला पडद्यावर राज्याच्या पाणी खात्याचे विहिरींचे अहवाल दाखवले. साल दर साल आकडा चढत गेलेला.

"छापून दे मला," ओपल म्हणाली.

"कशाला कागद वाया घालवतेस? ते कुठे पळून जातंय?"

उन्हाळा सरता सरता शेडच्या परवानगीवर काउंटीची सुनावणी ठरली. तिच्या दोन दिवस आधी ओपल ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा गोड 'पाय' भाजून घेऊन परत आली. व्हर्नाने तक्ता उघडून पहिल्या पत्त्यावर बोट दाबलं. हे पान सापडत नाही, असं पडद्यावर आलं. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तिने चष्मा पुसला. मग तिच्या लक्षात आलं की उन्हाळ्यात पाणी खात्याने आपली सगळी साइट नव्याने मांडली आहे आणि जुने अहवाल तिथे नाहीत.

जन्मभर तिच्यासाठी नंबर म्हणजे वस्तू होती. कपाटात नंबर आहे म्हणजे कागद आहे. इथे तिने नुसते दरवाजांचे पत्ते जपले होते, आणि बिऱ्हाड कधीच हललं होतं.

"पळून गेलं वाटतं," ओपल म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच व्हर्नाला जास्त लागलं. "मी सगळ्यांना सांगून बसलेय गं, की कागद आणते म्हणून. आता काय, बाळाला उभं करू तिथे?"

व्हर्नाने कॉर्लिसला फोन लावला.

"तू उतरवून नाही ठेवलेस?" कॉर्लिसने विचारलं.

"ठेवले असते तर तुला फोन केला असता का?"

"माझ्याकडे नद्यांचे आहेत. विहिरी तुझ्या भागातल्या, म्हणून तुझ्यावर सोडल्या होत्या. बरं, जुने पत्ते तरी आहेत? पूर्ण?"

"अक्षर न् अक्षर."

"मग रडू नकोस. नेटवरच्या जुन्या पानांच्या प्रती साठवून ठेवणारं एक ठिकाण आहे. तिथे तुझा पत्ता घालायचा. बस नीट, सांगते."

"तूच काढून पाठव ना."

"नाही. तू काढायचंस. मी फोन ठेवत नाही."

व्हर्नाने निमूट पेन्सिल घेतली. आपल्याच 'पाय'चा तुकडा खाता खाता ओपल पत्ते वाचून दाखवू लागली. "तिरकी रेघ, मग टिंब, मग पुन्हा तिरकी रेघ. ही भाषा बोलणाऱ्यांना मुलं होतात का गं?" एक अहवाल उघडला, मग दुसरा. प्रत्येक फाइल उतरवायची, उघडून शेवटच्या पानापर्यंत बघायची, खातं आणि साल घालून नाव द्यायचं. एक अर्धवटच उतरली होती. कॉर्लिसने ती पुन्हा उतरवायला लावली.

सगळे मिळाले, फक्त गेल्या वर्षीचा नाही. त्याची प्रत कोणी घेतलीच नव्हती. पण तो निघाल्याची नोंद असलेलं खात्याचं जुनं पान सापडलं. व्हर्नाने तेही छापलं.

सुनावणी शाळेच्या जिममध्ये होती. ओपलने कागद मांडले. कंपनीचा वकील गोड आवाजात म्हणाला, "बाईंकडे गेल्या वर्षीचा आकडा नाही. कदाचित पाणी सुधारलंही असेल."

चर्चमध्ये प्रार्थना वाचणंही टाळणारी व्हर्ना उभी राहिली. "अहवाल निघाला होता. हे खात्याचं पान, यावर त्याचं नाव आणि तारीख आहे. वसंतात मी तो वाचलाय. मी तो उतरवून ठेवायला हवा होता, ठेवला नाही. खात्याकडून मागवा."

"आकडा काय होता?" सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"हातात कागद नसताना मी आकडा सांगत नाही."

मागून कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी शेजारच्यांशी कुजबुज केली. अहवाल येईपर्यंत शेडना परवानगी नाही, असं ठरलं.

ओपल पाण्याचे रिकामे कॅन गाडीत टाकून आली होती. परतताना ती व्हर्नाच्या घरी थांबली. गावातलं नळाचं पाणी स्वच्छ होतं. ऑरिन सिंकपाशी कॅन धरून उभा राहिला.

"तोंडी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" ओपल म्हणाली.

"चुकीचा आठवला असता तर त्या वकिलाने तुला सोडलं असतं का?"

"मला तर सांग. किती होता?"

"नाही."

"हट्टी बाई आहेस. खात्याने पाठवलाच नाही तर?"

"तर रोज फोन करेन. ते खातं आधी आरोग्य खात्यात होतं. जुनी माणसं अजून तिथेच बसतात, ठाऊक आहेत मला." व्हर्नाने कॅनचं झाकण घट्ट लावलं. "कॉर्लिसच्या पुढच्या वर्गाला नाव दिलंय मी."

"आणि मला छापून देशील?"

"दोन प्रती देते. तो दुसरा कॅन आण."