बोंबलाचे दोन निकाल

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येतो. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण तसं सांगायचा धीर होत नाही. मी मोबाईल काढते.

पप्पांना बीपी निघालं तेव्हा आई म्हणाली, "बघ गं शोधून, सुके बोंबील चालतात का?" पावसाळ्याची बेगमी म्हणून डबा नुकताच गच्च भरला होता. मी टाइप केलं, 'सुके बोंबील खाल्ल्याने बीपी वाढतं का?' सगळ्यात वर आलं ते मोठ्याने वाचलं : वाढतं, ताबडतोब बंद करा. डबा माळ्यावर गेला. पप्पा भेंडीशी अबोला धरून जेवले.

एका संध्याकाळी ते हसतच घरात शिरले. माझ्या धाकट्या भावाला हाताशी धरून त्यांनी शोधलं होतं, 'सुके बोंबील खाण्याचे फायदे'.

"हे बघ, हृदय मजबूत होतं! तुझा मोबाईल जुना झालाय."

"कॉलेजवाली, हरलीस तू," भाऊ म्हणाला. "पप्पा, डबा काढू?"

"हात लाव, मग सांगते," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

मला आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या मॅडम आठवल्या. वर आलं म्हणजे खरं असं नाही, कोणी लिहिलंय आणि त्याला काय विकायचंय ते आधी बघा, असं त्या सांगायच्या. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी ठेवले. वेबसाइट एकच. बोंबलाचा फोटोही तोच. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, आणि खाली दोन्हीकडे एकाच चूर्णाची जाहिरात : इकडे बीपी उतरवणारं, तिकडे हृदय मजबूत करणारं.

पप्पा आधी ओशाळले, मग इतके हसले की आईही बाहेर आली. तिलाही मी मॅडमचं ते वाक्य सांगितलं : कोणी लिहिलंय आणि काय विकायचंय ते आधी बघायचं.

मग मी 'फायदे', 'वाढतं का' असे शब्द गाळून नुसतं 'सुकी मासळी, मीठ, रक्तदाब' असं शोधलं. एका सरकारी हॉस्पिटलचं पान सापडलं. इंग्रजी होतं, अडखळत वाचलं, अर्धं समजलं. उरलेलं डॉक्टरांना विचारायला पप्पांसोबत दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नीट ऐकलं. म्हणाले, खरी भीती मिठाची आहे. भिजवून, ते खारट पाणी फेकून देऊन, वरून मीठ न घालता कधीतरी एखादा तुकडा खा. आणि रोजचं लोणचं, पापड आधी कमी करा.

घरी आल्या आल्या पप्पांनी माळ्यावरून डबा उतरवला आणि लोणच्याची बरणी तिथे ठेवली.

कैरीचं लोणचं आईने स्वतः घातलेलं. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "लोणच्याचं कोणी सांगितलं? नाव काय त्याचं? काय विकायचंय त्याला?"