दाराबाहेरची प्रार्थना

सेक्रेटरीबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी नखांकडे. काशीतल्या संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत भाजीवाल्याशी त्या नगरी वळणाच्या हिंदीत हुज्जत घालत होत्या, "इतनी जून भेंडी कौन खाएगा, भैया?" मला हसू आलं आणि मी मराठीत काहीतरी बोलले. त्यांनी नाव-गाव विचारलं नाही. माझा हात उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मास्तरीण दिसतेस. खडू अडकलाय नखात." तेव्हापासून मी त्यांची 'मास्तरीण' झाले.

छावणीतल्या चर्चच्या महिला मंडळाच्या त्या सेक्रेटरी. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी नगरहून इथे आल्या, नर्स म्हणून राबल्या, नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. दर गुरुवारी त्यांचं मंडळ आमच्या गल्लीमागच्या विधवाश्रमात यायचं. काशीत मरण यावं म्हणून घरच्यांनी आणून सोडलेल्या म्हाताऱ्या तिथे असतात. मरण लवकर येत नाही आणि घरचे पुन्हा येत नाहीत. कांबळी आणि केळी वाटायला पुष्कळ लोक येत, फोटो काढून जात. मंडळाच्या बायका कोमट मिठाच्या पाण्यात म्हाताऱ्यांचे पाय भिजवून नखं कापत. "केळी कुणीही वाटतं गं," बाई म्हणायच्या, "पायाची नखं कोण कापतं? नखं वाढली की माणूस स्वतःलाच नकोसा होतो." आश्रमात त्यांचं नाव पडलं होतं 'नाखूनवाली दीदी'.

बाईंचा एक नियम होता. प्रार्थना दाराबाहेर, कात्री दाराच्या आत. बाहेरच्या पायरीवर सगळ्या जणी दोन मिनिटं डोळे मिटून उभ्या राहत, 'आमेन' म्हणत आणि मगच आत जात. आत येशूचं नाव कुणी काढायचं नाही. "देवाला असं उन्हात उभं करता होय?" मी एकदा चिडवलं. "त्याला सवय आहे," त्या म्हणाल्या.

मीही गुरुवारी जाऊ लागले. कारण तिथे गोदाआजी होत्या, साताऱ्याकडच्या. त्यांच्याशी मराठी बोलणारं आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं. गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका गुरुवारी बाई त्यांच्या पायांशी बसलेल्या असताना आजी म्हणाल्या, "आपल्यातलं काही म्हणा गं. कान आसुसलेत." मी बनारसात वाढलेली. हनुमानचालिसा तोंडपाठ, पण अभंगाची दुसरी ओळ येईल तर शपथ. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं, आणि त्यांना येत होतं ते म्हटलं. त्यांच्या चर्चमधलं मराठी गीत, अभंगाच्या चालीवरचं. आजींची बोटं चादरीवर ताल धरू लागली. तिसऱ्या-चौथ्या ओळीत येशूचं नाव आलं. आजींची बोटं थांबली नाहीत.

दारात व्यवस्थापक उभे होते. "मैडम, ये क्या गा रही थीं?" त्यांनी मला विचारलं. मराठी त्यांना कळत नव्हतं, एक नाव तेवढं कानावर पडलं होतं.

"भजन था, मराठी भजन," मी चटकन म्हणाले. त्यांचा चेहरा सैलावलासुद्धा.

"भजन तो था भैया," बाई म्हणाल्या, "लेकिन हमारे यीशु का था."

गल्लीत आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोलले. एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं? "ज्याचं गाणं, त्याचंच नाव लपवू?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "नियम मीच केला होता आणि मोडलाही मीच. आता भोगायचं मात्र आतल्या म्हाताऱ्यांनी."

पुढच्या गुरुवारी दार उघडलं नाही. मंडळाच्या चौघी पायरीवर प्रार्थना करून पिशवी घेऊन परत गेल्या. तसं काही आठवडे चाललं. मग कुणीतरी पायरीवरच्या त्या प्रार्थनेचाही फोटो काढला आणि बाकीच्या यायच्या थांबल्या. त्यांना मी नावं ठेवणार नाही. धर्मांतराचा आळ येण्याची भीती खरी होती. आत गोदाआजी गेल्याचं आम्हाला दूधवाल्याकडून कळलं.

त्याच हिवाळ्यात चर्चनं मंडळाचा सत्कार केला. श्रद्धा आणि सेवेबद्दल मानपत्र, शाली, झेंडूचे हार. चौघींतल्या दोघीच आल्या होत्या. बाईंना बोलायला सांगितलं. "तिकडे म्हाताऱ्यांची नखं वाढताहेत आणि इथे आम्हाला शाली मिळताहेत," एवढंच बोलून त्या बसल्या. लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या.

घरी जाताना त्यांनी कात्र्यांची पिशवी माझ्या हाती दिली. "तू हिंदू आहेस, तुला आत सोडतील. जात जा, मास्तरीण."

मी तीन गुरुवार गेले. एकटीच्यानं चार जणींचे पाय व्हायचे आणि बाकीच्या विचारायच्या, "नाखूनवाली दीदी कब आएँगी?" चौथ्या गुरुवारी व्यवस्थापक म्हणाले, "अब रहने दीजिए मैडम, बातें होती हैं." मी वाद घातला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. पिशवी मी कपाटात ठेवली.

पुढे बाई न्हाणीत घसरून पडल्या, त्या अंथरुणातून उठल्याच नाहीत. शेवटच्या पंधरवड्यात मी भेटायला गेले तर खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पांघरुणाबाहेर त्यांचे हात होते आणि नखं वाढून पिवळी पडली होती. पाणी कोमट केलं, मीठ घातलं, एक हात भिजवला आणि कापायला बसले.

"आश्रमातल्या सगळ्यांची झाली का, या गुरुवारी?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हणाले. "सगळ्यांची."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. माझं खोटं त्यांना कळायचं, नेहमीच कळायचं, आणि त्या ते कधी खपवून घेत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी दुसरा हात पुढे केला.